मापांची वही

अशोक चौकाच्या मागं आमच्या कारखान्यात
शाळेचे गणवेश शिवतात.
मी शिवत नाही, मी वही ठेवतो:
शाळा, इयत्ता, नग, माप,
शेवटच्या रकान्यात आगाऊ रक्कम.
एकोणीस वर्षं झाली.
भूगोलात मी दोनदा नापास,
नकाशा मला या वहीनं शिकवला.

पुण्याकडची एक शाळा दरवर्षी माणूस पाठवते,
तो टेप लावून एकेका पोराचं माप घेतो.
चौथीचा सदरा तिथं तीस नंबर.
अक्कलकोटच्या पुढं, सीमेजवळच्या गावात
चौथीचाच सदरा सव्वीस. कधी चोवीस.
आनंदम मास्तर कापडाच्या साठ थरांवर खडू ओढतात,
थांबून विचारतात, "वय तेच का ओ?"
वय तेच.
मग ते मशीन चालू करतात.

काही ऑर्डरींवर गुरुजींच्या अक्षरात असतं,
'आत दाब तीन बोटं सोडणे.'
म्हणजे तोच झगा तिसरीत, चौथीत, पाचवीत,
आणि पुढं धाकटीला.
आमच्या बायका तो दाब असा दुमडतात
की उद्या उसवला तरी सुईची भोकं दिसू नयेत.

सीनेकाठच्या चार वाड्यांची मिळून एक ऑर्डर येते.
पाचवीच्या मुली बेचाळीस.
सातवीच्या एकोणचाळीस.
नववीच्या अकरा.
पहिल्या वर्षी वाटलं, लिहिताना चुकले असतील,
म्हणून फोन लावला.
गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे.
आठवीपासूनची शाळा नदीपलीकडं.
शाळा भरते साडेदहाला, एसटी पोचते सव्वाअकराला.
पोरी रोज छड्या खातील का?"
मी अकरा लिहिलं.
पुढच्या वर्षी न विचारता लिहिलं.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा आला टॅब घेऊन.
कुठल्याशा संस्थेचा. चांगला होता,
माठातलं पाणी स्वतः वाढून घेतलं.
म्हणाला, "या पट्ट्यात कौशल्य कमी का, ते बघतोय."
राजमणी येमुल कॉलर लावत होती,
ओठांत तीन टाचण्या.
"शिक्षण?"
"सातवी. तेलुगूत."
"कोर्स वगैरे? प्रमाणपत्र?"
तिनं टाचण्या काढल्या,
कॉलर दुमडून टोकावर टोक ठेवलं
आणि त्याच्या हातात दिली.
सुताचाही फरक नव्हता.
टॅबात त्यासाठी बटण नव्हतं.
त्यानं 'अकुशल' दाबलं.
दाबताना लाजला, हे मी बघितलंय.

राजमणीची स्रवंती दहावीला आहे.
नळाला पाणी पाच दिवसांनी येतं,
रात्री दोनला आलं तर आईची झोप जाते,
सकाळी अकराला आलं तर पोरीची शाळा.
मागं गणितात लसावि शिकवला
तो दिवस पाण्याचा होता.
अजून अडते तिथं.

जाताना पोरानं मला विचारलं,
"एवढी वर्षं बघताय, तुम्हाला काय वाटतं?"
मी वही उघडली. परत मिटली.
म्हटलं, "बाबा, मी मापं लिहितो.
ती घेतली कुणी, ते मला काय म्हाईत."
त्यानं तेही टाइप केलं का, कळलं नाही.

यंदा सीनेकाठची ऑर्डर आली.
नववीच्या मुली सतरा.
मी सवयीनं अकरा लिहून मोकळा झालो होतो.
खोडलं. फोन लावला.
"चुकलं नाही," गुरुजी हसत होते,
"एसटी पाऊण तास अलीकडं आणली.
डेपोत बावीस अर्ज दिले होते."
बावीस अर्ज. सहा पोरी.
भागाकार मी केला नाही.

आनंदम मास्तरांना चौतीस नंबरचा साचा लागला,
मोठ्या मुलींचा.
खिळ्यावर नव्हता.
कपाटावर सापडला, गुंडाळलेला,
कडा पिवळ्या पडलेल्या.
त्यांनी तो टेबलावर अंथरला,
चारी कोपऱ्यांवर कात्र्या ठेवल्या,
तरी मधनं वर उचलत होता.
"राहू दे थोडा वेळ," म्हणाले, "बसेल."